दुर्बीण, शाळा आणि टूलरूम: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, काम करतोय. पावसाळ्यात घरी काचेचे आरसे घासतो आणि पाऊस उघडला की त्यांच्या दुर्बिणी करून लोकांना आकाश दाखवतो. गच्चीवर, लग्नाच्या पंगतीत, कंपनीच्या कँटीनमध्ये लोक तेच तेच विचारतात. घाईत दिलेलं उत्तर मला पटत नाही, म्हणून इथे सवडीने लिहितो आहे. मतं माझी आहेत, आणि ती मी हातातल्या कामावरून बनवली आहेत.

दुर्बिणीचा आरसा खरंच घरी, हाताने होतो?

होतो. न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची पहिली दुर्बीण केली तीही स्वतःच्या हातानेच. त्याचा आरसा धातूचा होता, आपण काच वापरतो, एवढाच फरक.

दीडशे मिलिमीटर व्यासाच्या दोन जाड काचा घ्यायच्या. एक खाली, रिकाम्या पिंपाच्या झाकणावर तीन लाकडी ठोकळ्यांत पक्की बसवायची. तिला आम्ही टूल म्हणतो. दुसरी वर, तीच पुढे आरसा होणार. मध्ये चमचाभर ८० नंबरची, म्हणजे भरड, कार्बोरंडम ही घासायची पावडर आणि थोडं पाणी. मग दोन्ही तळवे वरच्या काचेवर ठेवून ती पुढे ढकलायची, मागे ओढायची, किंचित फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा तेच. वरची काच पुढे गेली की तिची कड अधांतरी राहते आणि सगळा भार तिच्या मध्यावर व खालच्या काचेच्या कडेवर येतो. म्हणून वरची मध्ये झिजते आणि खालची कडेला. काही तासांत वरच्या काचेला खळगा पडायला लागतो. आपण फिरत राहिल्याने तो कुठल्या एका बाजूला कलत नाही. दोन पृष्ठभाग हव्या त्या दिशेने सरकवले तरी एकमेकांना टेकलेलेच राहायचे असतील, तर ते गोलाचेच तुकडे असावे लागतात. ते आपण घडवत नाही, घासण्यातून आपोआप घडतं. मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याचा प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिलिमीटर हवं असेल तर मधला खळगा किती खोल? जेमतेम १.१७ मिलिमीटर. तेवढ्यासाठी एवढी मेहनत. नंतर १२०, २२०, ३२०, ६०० अशी बारीक होत जाणारी पावडर, आणि प्रत्येक टप्प्याला आधीच्या पावडरीचा कण न् कण धुऊन काढायचा.

कुठे थांबायचं ते कान सांगतो. पावडर ताजी असते तेव्हा खडीवरून पत्रा ओढल्यासारखा आवाज येतो. दाणे फुटत गेले की तो मऊ होतो, मग नुसती कुजबुज उरते. कुजबुज आली की नवी पावडर टाकायची. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी मोबाईल बाजूला ठेवायला सांगतो, तो या आवाजासाठी.

पण अचूकता कशी येते? ती मोजायला तर प्रयोगशाळा लागत असेल?

दाढीचं अर्धं ब्लेड लागतं.

घासून झालं की डांबराच्या जातीची राळ वितळवून टूलवर ओततात, तिच्यात चौकोनी चर पाडतात आणि सेरियम ऑक्साइडची गुलबट पेस्ट लावून काचेला झिलई आणतात. मग काच पारदर्शक होते आणि खरी परीक्षा सुरू होते. आरसा उभा ठेवायचा, नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे २.४ मीटर लांब बसायचं, बारीक फटीतून एका एलईडीचा प्रकाश आरशावर सोडायचा आणि परत येणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे ब्लेडची धार हळूच आडवी सरकवायची. डोळा ब्लेडच्या अगदी मागे. गोल बिनचूक असेल तर उजळलेला आरसा सगळीकडून एकदम करडा होतो. कुठे चूक असेल तर तिथे टेकडी किंवा खड्डा दिसतो, बाजूने ऊन पडल्यासारखा ठसठशीत. फूको या फ्रेंच माणसाने ही युक्ती १८५८ मध्ये काढली.

आम्ही टूलरूममध्ये पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत काम बसलं की समाधान मानतो. आरशाच्या पृष्ठभागावर ०.०७ मायक्रॉनपेक्षा मोठी चूक चालत नाही. म्हणजे सत्तरपट बारीक काम, आणि तेही उघड्या हातांनी. माझ्या कारखान्यातल्या कुठल्याही मायक्रोमीटरला ते मोजता येणार नाही. ब्लेडला येतं.

लोकांचा विश्वास बसत नाही तेव्हा मी एक गोष्ट करून दाखवतो. आरशावर अंगठा अर्धा मिनिट टेकवायचा, काढायचा आणि लगेच ब्लेडमागून बघायचं. जिथे अंगठा होता तिथे डोंगर उभा असतो. बोटाच्या उबेने काच तेवढीच फुगलेली असते. बघता बघता तो विरत जातो. ते पाहताना मोठी माणसंही बोलायची थांबतात.

आज बऱ्यापैकी दुर्बीण विकत मिळते. मग एवढी खटपट कशाला?

फक्त आकाश बघायचं असेल तर विकत घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही. त्याही आधी १०×५० ची, म्हणजे दहापट वर्धनाची आणि पन्नास मिलिमीटर भिंगांची, साधी द्विनेत्री घ्या. चंद्रावरची विवरं, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, सगळं तिच्यातून दिसतं. खेळण्यांच्या दुकानात खोक्यावर '५०० पट' लिहिलेली दुर्बीण मात्र घेऊ नका. आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे दुपटीहून जास्त वर्धन कामाचं नसतं. म्हणजे दीडशे मिलिमीटरला तीनशे पट ही कमाल झाली, आणि आपल्या हवेत बहुतेक रात्री शंभर-सव्वाशेवरच थांबावं लागतं. पन्नास मिलिमीटरच्या भिंगावर ५०० पट लिहिणारा गिऱ्हाइकाला फसवतोय, आणि ते गिऱ्हाईक बहुतेक वेळा दहा वर्षांचं असतं. याचा मला मनापासून राग येतो. एकदा धुरकट ठिपका दिसला की ते पोर पुन्हा आकाशाकडे वळत नाही.

मी घासतो कारण ते काम मला आवडतं. गुरू बघताना त्याचा प्रकाश ज्या काचेवरून येतो तिची कड न् कड मला माहीत असते.

याची सुरुवात कुठे झाली?

माझं गाव माण तालुक्यातलं. दुष्काळी भाग, पाऊस कमी, म्हणून आकाश मोकळं. १९९७ च्या एप्रिलमध्ये जत्रेला गावी गेलो होतो. पालखी निघायच्या आधी तिन्हीसांजेला वायव्येकडे हेल-बॉप धूमकेतू दिसत होता, शेपटीसकट, नुसत्या डोळ्यांनी. देवळापुढे सगळं गाव माना वर करून उभं होतं. चुलत्यांनी मला विचारलं, "तू शिकलेला, सांग की हे काय हाय." मी आयटीआय झालेलो, चांगल्या नोकरीत, आणि मला सांगता येईना. पुण्यात परत आल्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे गेलो. १९४४ पासून चालू असलेली, हौशी लोकांची संस्था आहे. तिथे भेटलेल्या एका वयस्कर सभासदांनी मला पहिली काच घासायला शिकवली. नंतरच्या जत्रेला चुलत्यांना उत्तर दिलं, दुर्बिणीसकट.

मग पत्रिकाही बघता का?

नाही. हा प्रश्न रागावून विचारलेला नसतो, म्हणून मीही रागावत नाही. आपल्याकडे 'ज्योतिष' या एकाच शब्दात दोन्ही गोष्टी बसल्या आहेत. मी एवढंच करतो, विचारणाऱ्याला शनी दाखवतो. साडेसातीला घाबरलेल्या एका मावशींनी नेत्रिकेतून कडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, किती गोजिरवाणा आहे." पुढे त्यांनी काय ठरवलं ते मी विचारलं नाही.

मार्च २०२५ मध्ये ते कडं आपल्याला अगदी कडेने सामोरं आलं होतं, त्यामुळे त्याच्या आसपास ते रेघेसारखं दिसत होतं. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. आता ते पुन्हा हळूहळू उघडत जाईल.

शाळांमध्ये जाता, मग आजच्या शिक्षणाबद्दल काय वाटतं?

मुलं चांगली आहेत. शिक्षकही बहुतेक चांगलेच भेटतात. वाईट आहे ती घाई.

एका शाळेने संध्याकाळी बोलावलं. चारशे मुलं आणि वेळ एक तास. रांग लावली, शिपाई मागून पुढे ढकलत होते, "बघितलं? चल." बहुतेकांना काय दिसलं असेल देव जाणे. शेवटी सातवीतली एक मुलगी रेंगाळली आणि म्हणाली, "काका, हे चित्र आत चिकटवलंय ना?" मी दुर्बिणीवरचा हात काढला आणि तिला म्हटलं, आता हात न लावता नुसतं बघत राहा. शनी सरकत सरकत कडेला गेला आणि दिसेनासा झाला. तिने डोळा काढला. "गेला!" कुठे गेला ते शोधायला सांगितलं. तिने स्वतः नळी ढकलून तो परत पकडला, मग घड्याळ लावून मोजलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दीड मिनिट. तो का सरकतो हे तिनेच थोड्या वेळाने सांगितलं: "आपणच फिरतोय." पृथ्वी फिरते हे वाक्य तिने तिसरीपासून पाठ केलेलं होतं. त्या रात्री तिने ते पाहिलं. आणि त्यासाठी शाळेकडे दहा मिनिटं शिल्लक नव्हती, रांग मोडल्याबद्दल तिला बोलणी बसली.

माझं म्हणणं एवढंच आहे की हाताला शाळेत जागा द्या. हे काही मी शोधून काढलेलं नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली, तिचा गाभाच हा होता. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथली मुलं बांधकाम, वेल्डिंग, शेती, वीजजोडणी असं करत करत शिकतात. म्हणजे वाट कुणी दाखवलीच नाही असं नाही. तरी आपल्याकडे आठवीच्या मुलाला दुर्बिणीची किरणाकृती काढता येते आणि भिंग हातात दिलं तर ते कुठे धरायचं हे कळत नाही. यात मुलाचा काय दोष?

आयटीआयला पहिले काही आठवडे आम्ही फक्त फाइल मारत होतो. लोखंडाचा ठोकळा, चारही बाजू काटकोनात. हाताला फोड यायचे. आमचे सर ठोकळ्याला गुण्या लावून खिडकीकडे धरायचे आणि गुण्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की ठोकळा परत. मला तेव्हा ते छळासारखं वाटायचं. पुढे ब्लेडमागून पहिल्यांदा आरसा बघितला आणि लक्षात आलं की ही तर तीच परीक्षा आहे. चूक शोधायला प्रकाशच लावायचा. तो धडा मला त्या ठोकळ्याने दिला होता.

म्हणून 'मार्क कमी पडले म्हणून आयटीआयला टाकला' हे वाक्य मला ऐकवत नाही. हाताला वळण असलेला मुलगा तिथे आवडीने जावा, आणि नव्वद टक्केवाल्यालाही तिथे जावंसं वाटावं.

मुलांना मराठी माध्यमात घालावं का?

माझी दोन्ही मुलं मराठी शाळेत शिकली आणि आज इंग्रजीत काम करतात. पण माझ्यासाठी कारण वेगळं आहे. आकाशाची मराठी नावं अशी आहेत की ती मुलांच्या तोंडी लगेच बसतात. शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती आकाशात शेजारी शेजारी आहेत. गोष्ट ठाऊक असलेल्या मुलाला ते तिघे एकदा दाखवले की पुन्हा दाखवावे लागत नाहीत. आजीला व्याध आणि मृग माहीत असतो, त्यामुळे ती पण गच्चीवर येते. आणि अवघड विज्ञान मराठीत सांगता येत नाही हे खोटं आहे. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी पुण्यात आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि आयुष्यभर मराठीतही लिहिलं.

इंग्रजी चांगलं यायलाच हवं. ते शिकवा, नीट शिकवा. पण विचारायला लाज वाटणार नाही अशी एक भाषा मुलाकडे असू द्या.

आता मोबाईलवर चालणाऱ्या दुर्बिणी आल्या आहेत. बटण दाबलं की तारा हजर. त्याबद्दल?

चांगल्या आहेत. शहराच्या उजेडातूनही त्या दीर्घिकेचा फोटो काढतात, ज्यांना गुडघे वाकवता येत नाहीत त्यांना खुर्चीत बसून आकाश बघता येतं. आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम मी रोज वापरतो. तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही, माझं पोट त्याच्यावरच चालतं.

फक्त क्रम महत्त्वाचा. आधी एक हिवाळा नुसत्या डोळ्यांनी, मग द्विनेत्री, मग यंत्र. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशातले सुमारे दहा अंश झाकते. पुण्यातून ध्रुव तारा क्षितिजाच्या वर जवळजवळ दोन मुठी, कारण पुण्याचा अक्षांश साडेअठरा. हे ज्याने एकदा स्वतः मोजलं, त्याला यंत्र चुकलं तर कळतं.

आपल्याकडच्या तंत्रज्ञानाचं उदाहरण हवं असेल तर नारायणगावजवळ खोडदला जाऊन या. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती तर वजनाने आणि वाऱ्याने खर्च आवाक्याबाहेर गेला असता. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या तारांवर पोलादी जाळी बसवली. रेडिओलहरी मीटरभर लांबीच्या, त्यांना जाळीच आरशासारखी लागते, वारा मात्र आरपार जातो. गरज नेमकी ओळखून तेवढंच करायचं, याला मी खरं इंजिनिअरिंग म्हणतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, शाळांची पोरं गाड्या भरभरून येतात.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, आणि आता एआय. टूलरूमच्या नोकऱ्या राहतील?

मी लागलो तेव्हाचं निम्मं काम आज मशीन करतं आणि माझ्यापेक्षा चांगलं करतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. काळजी वेगळी आहे. नवीन पोरांना थेट स्क्रीनपुढे उभं करतात. मशीनवर टूल बोथट झालं की आधी आवाज बदलतो, मग चकाकी जाते, मग माप. ज्याने लेथवर हाताने कापलंय त्याला आवाजावर कळतं. बाकीच्यांना पन्नास नग वाया गेल्यावर, आणि शिवी पोराला बसते, त्याला न शिकवणाऱ्याला नाही. कंपन्यांनी शिकाऊ मुलांना स्वस्त मजूर म्हणून वापरणं थांबवावं. त्यांना सहा महिने हाताचं काम द्या, शेजारी जुना माणूस द्या, आणि त्या जुन्या माणसालाही शिकवण्याचे पैसे द्या.

छंदाचाच धंदा का नाही केला?

दोन आरसे पैसे घेऊन केले होते. गिऱ्हाईक चांगलं होतं, पैसेही वेळेवर. पण तारीख ठरली आणि राळ थंड व्हायच्या आत मी झिलईला बसायला लागलो. राळ पुरती बसली नाही की आरशाची कड खाली ढळते, तशी ती ढळली, आणि दोन्ही वेळा पुन्हा मागे जावं लागलं. घाई हातात उतरते. त्यानंतर मी साहित्याचा खर्च घेतो, बाकी काही नाही. नोकरी पोटाला पुरते म्हणून मला हे परवडतं, हेही खरं आहे.

वेळ कसा मिळतो? घरचे काय म्हणतात?

जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं असतं, तेव्हा आरसा. ऑक्टोबरपासून बघणं. सेकंड शिफ्ट सुटून घरी पोचतो तेव्हा बारा वाजत आलेले असतात आणि नेमका तोच वेळ चांगला, बरेच दिवे विझलेले असतात. आरशाच्या झिलईच्या दिवसांत पत्नी आमच्या मागच्या खोलीचा पंखा लावू देत नाही, धूळ उडते म्हणून. हा नियम तिनेच काढला आणि तो माझ्यापेक्षा ती कडक पाळते.

हा नाद लागला तर मुलगा इस्रोत जाईल का?

जाईलही. पण त्यासाठी त्याला या नादाला लावू नका. मुलांना आपला हेतू लगेच कळतो आणि मग दुर्बीणही क्लासच होते.

तुमचा पहिला आरसा अजून आहे?

आहे. त्याला एक चरा आहे, मध्यापासून कडेकडे, बोटभर लांब. २२० च्या टप्प्याला बादली नीट धुतली नव्हती आणि ८० नंबरचा एकच दाणा राहून गेला होता. मला रडू आलं होतं. शिकवणाऱ्या आजोबांनी आरसा हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि म्हणाले की चऱ्याने फक्त तेवढ्या रेघेतला प्रकाश जातो, आकार बरोबर असला की चित्र बरोबर येतं, पुढे चल. त्यावर अॅल्युमिनियमचा थर चढवून घेतला तेव्हा चराही चकाकला.

ती दुर्बीण आता माझ्या गावच्या शाळेत आहे. नळी पीव्हीसीची, बैठक बाभळीच्या लाकडाची, गावच्या सुताराने केलेली. मुलं तिला 'चऱ्याची दुर्बीण' म्हणतात आणि नवीन आलेल्याला आधी चरा दाखवतात, मग चंद्र.